आमच्या गावचं म्युझियम फक्त सहलीपुरतंच उरलंय, लोक आणायचे कसे?

पितळी_समई
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटं इतिहास संग्रहालय आहे, ट्रस्टचं, जुन्या वाड्यात. तलवारी, नाणी, मोडी कागद, मापं, सगळं आहे. मी शनिवार-रविवार तिथे फुकट काम करते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, पोरं वीस मिनिटांत धावत बाहेर, आणि बाकी वर्षभर वॉचमन आणि मी. फेसबुक पेज काढून झालं, लाइक येतात, माणसं येत नाहीत. कुणाशी तरी मिळून काहीतरी करा असं सगळे सांगतात पण कुणाशी आणि काय? पैसे जवळपास नाहीतच हे आधीच सांगते.

खडूवाला
मी झेडपी शाळेत शिकवतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ती बस माहितीये का, म्युझियम ऑन व्हील्स, २०१५ पासून फिरतेय, सिटी बँकेच्या मदतीने सुरू झाली. आमच्याकडे आली तेव्हा हडप्पाचा विषय होता. पोरांनी चपला बाहेर धुळीत ओळीने काढून ठेवल्या, देवळात जाताना काढतात तशा, कोणी सांगितलं नव्हतं. आत एसी, त्यामुळे अर्धी पोरं आधी त्या गार हवेवरच खूश 😄 पण मुद्रांपाशी मात्र थांबली. दुसऱ्या दिवशी बघतो तर चार जणांनी खोडरबर कोरून शिक्के बनवलेले आणि माझ्या हजेरीच्या पानावर बैल उमटलेला! तुम्हाला बस परवडणार नाही हे कळतं, पण एक पत्र्याची ट्रंक आणि त्यात पाच वस्तूंच्या नकला, एवढं तर जमेल? केंद्रप्रमुखांना (आसपासच्या झेडपी शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) भेटा, महिन्याच्या शिक्षण परिषदेला सगळे मास्तर एकाच जागी सापडतात, तिथे दहा मिनिटं मागून घ्या.

नाक्यावरचा
सगळं छान आहे, पण मोठ्या म्युझियमची उदाहरणं देऊन काय उपयोग. २०१७ मध्ये त्याच मुंबईच्या संग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या नॅशनल म्युझियमसोबत जगाच्या इतिहासाचं प्रदर्शन झालं, नऊ गोष्टींतून मांडलेलं, मी पण गेलो होतो, थाळीफेक्याचा तो पांढरा पुतळा अजून आठवतो. त्यामागे केवढी माणसं, केवढा विमा! इथे ताईंकडे एक वॉचमन आहे. आणि नुसत्या गर्दीचं पण काही खरं नसतं. २०२४ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली, तिथे मी बघितलं, लोक रांगेतून थेट त्या काचेपाशी, फोटो, आणि थेट बाहेर. ती वाघनखं नक्की महाराजांचीच का हे खात्रीने सांगता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं, पण तेवढं वाचायला थांबतो कोण.

खडूवाला
@नाक्यावरचा गर्दीचं पटलं, पण म्हणून ट्रंक का नको?

मोडीवेडी
ताई, तुमच्याकडे मोडी कागद आहेत म्हणालात तिथेच तुमचं काम होतंय असं मला वाटतं. अहो प्रत्येक जुन्या घरात माळ्यावर एखादी पिशवी असतेच, आजोबांचे कागद, कोणाला वाचता येत नाहीत, टाकवतही नाहीत. आम्ही दोघी-तिघी मोडी शिकलेल्या, आठवडे बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल टाकून बसलो, 'मोडी कागद वाचून मिळतील' असा खडूने लिहिलेला बोर्ड. पहिल्या दिवशी दोन माणसं आली, तिसऱ्या बाजाराला रांग. बहुतेक कागद कर्जरोखे नाहीतर लग्नाच्या खर्चाच्या याद्या निघतात, पण आपल्या पणज्याचं नाव ऐकलं की माणूस बसूनच राहतो. फक्त आधीच स्पष्ट सांगा की हे कोर्टकचेरीच्या कामाचं वाचन नाही, नाहीतर भावाभावांची भांडणं तुमच्या टेबलावर येतील (आमच्या आलीत 🙏).

आणि वस्तूंच्या पाट्या एकदा गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवा. आम्ही बाजारात धान्याची मापं मांडली होती, एक आजी आल्या, बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये मापटं न्हाई बाई, चिपटं हाय. दोन चिपट्यांचं एक मापटं." बरोबर होतं त्यांचं! पाटी बदलली, त्यांचं नाव खाली लिहिलं, आणि पुढच्या रविवारी त्या सुना-नातवंडांसकट हजर, आपलं नाव दाखवायला.

भायखळाकर
एक मुद्दा राहतोय. कोणाशीही मिळून करा, पण कोण काय करणार ते कागदावर घ्या. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, पार रया गेली होती. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला तेव्हा ते मार्गी लागलं आणि २००८ ला परत उघडलं. तुमच्यासाठी एका पानाचं पत्र पुरे: वाचनालय जागा देणार, बचत गट चहा करणार, कॉलेजची एनएसएसची पोरं नोंदी करणार. आमच्या इथल्या एका मंडळाने तोंडी ठरवलं होतं, खुर्च्यांचं भाडं कोणी द्यायचं यावरून आज सहा महिने बोलणं बंद आहे.

पितळी_समई
ट्रस्टींना फोन केला. वस्तू बाहेर न्यायला साफ नाही म्हणाले, नकलांना मात्र हो म्हणाले, आणि मोडीचं ऐकून स्वतःहून म्हणाले की त्यांच्याकडेही एक पिशवी आहे, आधी ती वाचा 😅 आमचा बाजार गुरुवारी असतो. @मोडीवेडी, पहिल्या दोन गुरुवारी तुमच्यापैकी कोणी येऊ शकेल का? एसटीचं भाडं आणि जेवण माझ्याकडे.

मोडीवेडी
येते. भिंग तेवढं तुमच्याकडचं ठेवा, माझं मागच्या बाजारात कोणीतरी नेलं.