साडेसात हजारांचं कोडं

(सोसायटी ग्रुप, रविवार, ७ डिसेंबर २०२५)

ए-१०१ : सुप्रभात मंडळी. चहाबरोबर बातम्या. रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) पाव टक्का उतरवला, आता ५.२५. डॉलर नव्वदीपार. नगरपालिकांची मतमोजणी थेट २१ तारखेला. विमानभाड्याला सरकारने मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये.

बी-३०४ : काका, माझा हप्ता किती कमी झाला ते सांगा. बाकीचं टीव्हीवर दिसतंच.

सी-२०२ : बँकेत तीस वर्षं काढली म्हणून सांगते. कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर तीन महिन्यांच्या आत व्याजदर बदलावाच लागतो. पण बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. म्हणून एसएमएसची वाट बघू नकोस, स्टेटमेंटवर शेवटच्या हप्त्याचा महिना बघ. फेब्रुवारीपासून सव्वा टक्का उतरलाय, महिना मागे सरकलेला दिसला पाहिजे.

बी-३०४ : बघतो काकू. पासवर्ड आठवला की.

ए-५०३ : विमानाचं नाव काढू नका. आमच्या ताईचे सासरे परवा लोहगावला अकरा तास बसून. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवीन नियम आले, कंपनीकडे माणसं कमी. बॅग दिल्लीला पोचली, आजोबा इथेच. औषधं बॅगेत!

सी-२०२ : अरे देवा. मिळाली का?

ए-५०३ : काल रात्री मिळाली. डबा फुटलेला, चकल्यांचा भुगा.

डी-१०२ : ७,५०० वरून आठवलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरला म्हणतात, मग आमच्या मेंटेनन्सवर अजून १८ टक्के कसे?

खजिनदार : तो बदललाच नाही साहेब. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा शून्य झाला, मेंटेनन्सवरचा तसाच. सोसायटीची वर्षाची जमा २० लाखांवर आणि एका फ्लॅटचं महिन्याचं बिल ७,५०० च्या वर असेल तर लागतो. तुमचं थ्री बीएचके, ७,८००.

डी-१०२ : म्हणजे वरच्या ३०० वर ना?

खजिनदार : नाही, पूर्ण ७,८०० वर. २०१९ च्या सरकारी परिपत्रकात तसंच आहे. मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये फक्त वरच्या रकमेवर लावा म्हटलं, पण आपला ऑडिटर परिपत्रक धरून बसतो.

डी-१०२ : ३०० साठी १,४०४ रुपये? हा कुठला हिशोब?

खजिनदार : गेल्या एजीएमला सिक्युरिटीचे ४०० वाढवले तेव्हा हात तुम्हीच पहिला वर केला होतात 🙏

बी-३०४ : 😂

डी-१०२ : मग परत ७,५०० वर आणा.

खजिनदार : आणू की. लिफ्टची एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) कोण भरणार तेवढं सांगा. विशेष सभा घेऊ, २१ ला?

ए-५०३ : २१ ला आम्ही गावी. जाऊबाई नगरसेवकपदाला उभ्या आहेत.

सी-२०२ : १४ ला माझ्या भाचीचं लग्न.

ए-१०१ : २८ ला अर्धी सोसायटी कोकणात.

खजिनदार : ठीक. जानेवारीच्या बिलातही १,४०४ धरतो.