'न्यायवैद्यक' की 'न्यायसहायक'?

— भाषांतर करतेय, एका शब्दावर अडलंय. बाई बायॉलॉजीच्या प्रोफेसर, विषय फोरेन्सिक एंटोमॉलॉजी; 'प्रेतावरच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ सांगतात' असं मी लिहिलंय. मी 'न्यायवैद्यक कीटकशास्त्रज्ञ' लिहिलं तर लाल रेघ मारून परत आलं. चुकलं काय?

— 'वैद्यक' चुकलं. न्यायवैद्यक म्हणजे डॉक्टरांचं काम, शवविच्छेदन वगैरे, आणि या बाई बघतात माश्या नि अळ्या. फोरेन्सिक आलाय लॅटिन 'फोरम'वरून, म्हणजे जिथे न्यायनिवाडा चालायचा तो चौक, त्यात औषधपाणी कुठेच नाही. म्हणून 'न्यायसहायक', सरकारी प्रयोगशाळेच्या नावातही हाच आहे. जिभेला जड आहे, मान्य.

— फोरेन्सिकच ठेवा हो, सिरियली बघून सगळ्यांना कळतं आता.

— बरं, मॅगॉटला किडा म्हणू की अळी? 'किडे पडले' असंच म्हणतो ना आपण?

— बोलताना चालतंय, इथे अळीच लिहा. किड्यात भुंगेरेपण आले, ते वाळलेल्या अवशेषांवर येतात आणि त्यांचा पुरावा वेगळा. आम्हाला झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला अळीचं मागचं टोक लेन्सखाली दाखवलेलं, श्वसनरंध्रांच्या दोन तपकिरी टिकल्या असतात, प्रत्येकीत दोन चिरा दिसल्या तर दुसरी अवस्था, तीन दिसल्या तर तिसरी म्हणजे शेवटची, मी तर मोजताना दोनदा चुकलेलो. आणि 'कोष' जपून वापरा, ही रेशीम विणत नाही, शेवटची कातच आक्रसून कडक होते, मी तरी 'कवच' म्हणेन.

— मला खटकतं ते 'मृत्यूची वेळ सांगतात' हे. अळीच्या वयावरून एवढंच कळतं की माशीने अंडी साधारण कधी घातली, तेही तिथलं तापमान माहीत असेल तर, कारण उबेत अळी भराभर वाढते नि गारठ्यात रेंगाळते. प्रेत गुंडाळलेलं असेल तर माशी पोचतेच उशिरा. (काही मांसमाश्या तर अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच सोडतात, तिथे 'अंडी' लिहिलंत तर तेही चूक.) म्हणून 'मृत्यूला किमान इतका काळ झाला असावा' असं लिहा. 'किमान' गाळलात तर समोरचा वकील बाईंना सोलून काढेल.

— अरे देवा, मूळ वाक्यात होता तो शब्द, लांबतंय म्हणून मीच उडवला. लावते परत.