स्टेंटनंतर ओमेगा-३ आणि लसणाच्या कॅप्सूल?

खानापूरकर: बाबा ६८ वर्षांचे, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) बसलाय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ नये म्हणून), अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), टेल्मिसार्टन (बीपीची) चालू आहे. शेजारच्या काकांनी माशाच्या तेलाच्या (ओमेगा-३) आणि लसणाच्या कॅप्सूल दिल्यात, वर कमी सोडियमचं मीठही. बाबा म्हणायलेत, "ह्यानंच रक्त पातळ होतंय, मग डॉक्टरच्या गोळ्या कशाला?" मला धास्ती लागलीय.

शहापूरची वैनी: मी फार्मसीत काम करते. आधी गोळ्या सांभाळा. क्लोपिडोग्रेल मनानं सोडलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. लसणाच्या कॅप्सूलनं ह्या गोळ्यांसोबत रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतल्या लसणाचं तसं नाही. आणि ते मीठ आजच बाजूला ठेवा! त्यात बहुतेक पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टननं शरीरात पोटॅशियम साठतं, वरून हे घातलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच.

निपाणीकर: माशाच्या तेलावर अमेरिकेत 'व्हायटल' नावाची मोठी चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला. २५,८७१ लोक, ओमेगा-३ची रोज १ ग्रॅमची कॅप्सूल. हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकारानं मृत्यू एकत्र धरले तर ठोस फरक दिसला नाही. ते लोक आधी हृदयरोग नसलेले होते, त्यामुळे बाबांचं डॉक्टरांनाच विचारा.

खानापूरकर: पाकीट बघितलं, पोटॅशियम क्लोराइडच आहे. काढून ठेवलं. जवसाची चटणी चालेल ना? भाकरीबरोबर रोज लागते त्यांना.

शहापूरची वैनी: चालते की. मीठ तेवढं बेतानं घाला. आणि तपासणीला जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या, काकांनी दिलेल्यासुद्धा.