मदत हवी आहे: बेडरूममध्ये कुबट वास येतो, बुरशी मात्र कुठे दिसत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आमचा फ्लॅट आहे. इमारत चार मजली, आम्ही तिसऱ्यावर. पावसाळा लागून थोडे दिवस झाले की मागच्या बेडरूममध्ये कुबट वास यायला लागतो आणि दिवाळीच्या सुमारास आपसूक कमी होतो. यंदा तो फारच वाढलाय. त्या खोलीत आई झोपते आणि तिला दमा आहे. रात्री खोकल्याची ढास लागते, हॉलमध्ये येऊन बसली की हळूहळू बरं वाटतं. त्यामुळे हा विषय आता पुढच्या वर्षावर ढकलायची माझी तयारी नाही.

वासाबद्दल नीट लिहिते, कारण सध्या माझ्या हातात तेवढाच पुरावा आहे. वास गटारीचा नाही. मेलेल्या उंदराचाही नाही. ओलसर मातीचा आणि थोडा अळंबीचा आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या जोरात येतो, आत थोडा वेळ थांबलं की जाणवेनासा होतो. आईला तर तो येतच नाही. ती म्हणते, "काही नाही गं, पावसाळ्यात येतोच वास."

भिंती सगळ्या हाताने चाचपून पाहिल्या. कुठे ओल लागत नाही, रंगाचे पोपडे नाहीत, काळे ठिपके नाहीत. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या, गटारीचा वास अडवणाऱ्या भांड्यात) पाणी ओतून पाहिलं, एसीच्या जाळ्या धुतल्या, गादीला ऊन दाखवलं. एक पेंटर येऊन म्हणाला, डॅम्पप्रूफ रंगाचे दोन हात मारून घ्या. वॉटरप्रूफिंगवाल्याने खोलीत पाऊल टाकायच्या आधीच बाहेरच्या अख्ख्या भिंतीचं कोटेशन हातात ठेवलं. पाणी कुठून येतंय हे दोघांपैकी एकानेही बघितलं नाही. शेजारच्या काकूंनी कापूर आणि डांबराच्या गोळ्या ठेवायला सांगितल्या, पण गोळ्यांच्या वासाने आईला जास्तच त्रास होतो.

नुसत्या वासावरून बुरशीची जागा कशी शोधायची? आणि सापडली तर घरात दम्याचं माणूस असताना ती काढायची कशी? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

खोलीची बाहेरची भिंत पश्चिमेला आहे का? आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या अंगाने येतो, झड त्याच भिंतीवर बसते. आणि कपाटं कुठल्या भिंतीला आहेत तेही सांगा.

धागाकर्ती

हो, पश्चिमेलाच. त्याच भिंतीला आईचं प्लायवुडचं कपाट आहे, जमिनीपासून लॉफ्टपर्यंत, भिंतीला चिकटवून बसवलेलं. शेजारी खिडकी. दुसऱ्या एका भिंतीपलीकडे बाथरूम आहे.

प्रतिसाद

ताई, मी इमारतींच्या दुरुस्तीची कामं बघतो. तुमच्या वर्णनातच बरंच उत्तर आहे.

बुरशी वाढत असताना काही वायुरूप रसायनं हवेत सोडते. अळंबीचा म्हणून जो वास येतो तो ऑक्टेनॉल नावाच्या एका अल्कोहोलचा. मातीचा वास जिओस्मिनचा, पहिल्या पावसात जमिनीतून येतो तोच. ते मुख्यतः मातीतले काही जिवाणू बनवतात, पण ओल धरलेल्या घरातही ते तयार होतं आणि माणसाच्या नाकाला अगदी लेशमात्र असलं तरी कळतं. म्हणजे डोळ्यांना काही दिसत नसलं तरी आत्ता, या घडीला, त्या खोलीत कुठेतरी ओल आहे आणि तिच्यावर काहीतरी वाढतंय. दिवाळीनंतर वास जातो तेव्हा बुरशी मेलेली नसते. कोरडी पडून थांबलेली असते, पुढच्या पावसाची वाट बघत.

आत थांबल्यावर वास जाणवत नाही, कारण नाक सरावतं. आईंना वास येत नाही त्याचं कारणही तेच, त्या तिथेच झोपतात. म्हणून शोध घ्यायचा तर असा घ्या. रात्री त्या खोलीची दारं-खिडक्या लावून घ्या, पंखा आणि एसी बंद. उदबत्ती, धूप, फिनाईल काही नको. आई त्या रात्री हॉलमध्ये झोपू देत. सकाळी चहाच्या आधी गच्चीवर जाऊन थोडा वेळ मोकळ्या हवेत थांबा आणि तिथून थेट खोलीत या. एका वेळी एकच जागा हुंगा आणि बाहेर जा. खालपासून सुरुवात करा: स्कर्टिंग, खिडकीच्या कट्ट्याखालचा भाग, मग कपाटाचा एकेक खण. खण पूर्ण बाहेर ओढून मागच्या पोकळीत नाक न्या. स्विचबोर्डजवळही बघा, हात न लावता. वायरिंगच्या पाइपातून भिंतीच्या आतली हवा तिथे येते. मात्र बोर्डापाशी मासळीसारखा किंवा जळका वास आला तर तो बुरशीचा नाही, वायर किंवा प्लास्टिक तापतंय. तो स्विच बंद करून त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जागा सापडली की भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचं पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या अंगाला धरलं तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय. या दोन्हींचे उपाय वेगळे असतात, म्हणून हे न करता कोणालाही रंगाची ऑर्डर देऊ नका.

बाथरूमवर माझा संशय कमी आहे. नळाची गळती असती तर वास उन्हाळ्यातही आला असता.

प्रतिसाद

मी दिंडोरीकडचा, द्राक्षबागायतदार. भिंत हाताला कोरडी लागते म्हणून बुरशी नाही असं धरून चालू नका. द्राक्षावर डावणी आणि भुरी असे दोन बुरशीचे रोग येतात. डावणीला पान ओलं लागतं, भुरीला तेवढी गरज नसते, दमट आणि कोंदलेली हवा तिला पुरते. म्हणून तर आम्ही कॅनॉपी, म्हणजे वेलीवरचा दाट पाला, मोकळी करतो, आत हवा खेळली की निम्मं काम होतं. तुमच्या कपाटामागे हवा अजिबात खेळत नाही. पहिला खण तिथलाच काढा.

आणखी एक, भिंतीला पांढरं काही दिसलं तर ते बुरशीच असेल असं नाही. लोणा असू शकतो, म्हणजे भिंतीतला क्षार. थोडा खरवडून पाण्यात टाका. लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पण लोणा निघाला तरी त्या जागी पाणी मुरतंय एवढं नक्की.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं आणि जागा सापडली.

गच्चीवरून उतरून आत आले तर वास सरळ कपाटाच्या खालच्या खणातून येत होता. खण काढून टॉर्च मारला. मागच्या प्लायवर करडट हिरवा भुरा, मखमलीसारखा, तळव्याएवढे डाग एकात एक मिसळलेले. कडेला काळे ठिपके. प्लाय फुगून त्याचे पदर सुटायला लागलेत, बोटाने दाबलं तर आत जातं. सुतार बोलावून मागची फळी काढली तेव्हा भिंत दिसली. खिडकीच्या कट्ट्याच्या टोकापासून ओलीचा एक पट्टा तिरका खाली कपाटामागे उतरलाय. बाहेरून वाकून पाहिलं तर ग्रिलचा पाय जिथे भिंतीत बसवलाय तिथून एक बारीक भेग निघालीय. प्लास्टिक लावलं, दव भिंतीकडच्या अंगालाच आलं.

त्याच खणात आईची लग्नातली पैठणी होती, येवल्याची. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, घडीवर पांढरट ठिपके आलेत. ते बघून आईचा चेहरा उतरला, आणि मला बुरशीपेक्षाही त्याचं वाईट वाटलं.

आई आता हॉलमध्येच झोपते, खोली बंद ठेवलीय. हे साफ कसं करायचं? कोणी ब्लीच म्हणतं, कोणी व्हिनेगर.

प्रतिसाद

आमच्याकडे मुलीला दमा आहे, त्यामुळे हे सगळं करून झालंय. सफाई होत असताना आईंना घरात ठेवूच नका, दिवसभर कोणाकडे तरी पाठवा. मेलेल्या बुरशीनेही दम्याचा त्रास होतो, म्हणून "मारणं" पुरेसं नाही, ती काढून टाकावी लागते.

एन-95 मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद, कारण पंख्याने बुरशीचे बीजाणू घरभर होतात. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडू नका. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करा, मग घासा, फडक्याने टिपून घ्या आणि ते फडके फेकून द्या. फुगलेला प्लाय वाचत नाही, बुरशी त्याच्या आत गेलेली असते. तिथेच मोठ्या पिशवीत बांधून मग घराबाहेर न्या. सुटलेली पुट्टी ओली करून काढून टाका.

ब्लीचबद्दल: फरशी, टाइल, काच यांवर चालतं. प्लास्टर आणि लाकूड पाणी पितात, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही, आणि त्याच्या वासानेच दमा उसळतो. अमेरिकेची पर्यावरण संस्थासुद्धा बुरशीसाठी ते सरसकट वापरायला सांगत नाही. वापरलंच तर संडास धुवायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. व्हिनेगरही ॲसिडच, तेही ब्लीचमध्ये नको. त्याच संस्थेचा ढोबळ नियम असा की बुरशी दहा चौरस फुटांच्या आत असेल तर घरच्यांनी काढायला हरकत नाही, त्याहून जास्त असेल तर जाणकार माणूस बोलवावा. कुठली बुरशी आहे याची चाचणी करत बसू नका. कुठलीही असली तरी ती काढायची आणि ओल थांबवायची, एवढंच काम असतं.

डॉक्टरांना मात्र खोलीत बुरशी सापडल्याचं जरूर सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शिका काढली होती, त्यात दम्याशी असलेला संबंध स्पष्ट मांडलाय. आमच्या डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी औषधाचा विचारच वेगळा केला.

प्रतिसाद

आमचा गोदाकाठी जुना वाडा आहे. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं होतं. माती-चुन्याच्या भिंती हळूहळू का होईना सुकल्या, पण जिथे आधी सिमेंटचा गिलावा केला होता तिथली ओल आतच कोंडली आणि वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हटला नाही. तुमची भिंत सिमेंटची आहे, पण सांगायचं ते तेच: आत ओल असताना वरून काही लिंपू नका. रंग सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत पूर्ण सुकल्यावर.

प्रतिसाद

दुरुस्तीवाला पुन्हा. जागा छान शोधलीत ताई. आत्ता उघडीप मिळेल तेव्हा त्या भेगेवर बाहेरून सीलंट भरून घ्या, म्हणजे हा पावसाळा निघेल. पक्कं काम पाऊस संपल्यावर: ग्रिलच्या पायाभोवतीचं प्लास्टर फोडून नव्याने भरणं आणि कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार देणं. बहुतेक खिडक्यांचा उतार एक तर नसतो किंवा आतच असतो. अख्ख्या भिंतीच्या कोटेशनची सध्या गरज दिसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सोसायटीला लेखी अर्ज द्या. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या भिंतींतून आणि गच्चीतून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची आहे, घरातली नळ-बाथरूमची गळती सभासदाने. मात्र ग्रिल तुम्ही स्वतः बसवलं असेल तर कमिटी तो मुद्दा काढेल, म्हणून फोटो आणि तारीख आत्ताच जपून ठेवा.

नवं कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं सोडून बसवा आणि मागची फळी खालीवर जाळीची ठेवा. पावसाळ्यात त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. खिडक्याही दिवसभर उघड्या नकोत, झड लागलेली असताना बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते. दुपारी ऊन पडलं की उघडा, संध्याकाळी लावा. एसीचा ड्राय मोड वापरा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आकडा साठ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. आईला मावशीकडे सोडून आम्ही सफाई केली. प्लाय गेला, पुट्टी काढली, सीलंट भरून झालं. खोलीतला वास बराच उतरलाय, पण आईला भिंत सुकेपर्यंत तिथे झोपू देणार नाही. सोसायटीला अर्ज दिला, पोच घेतलीय.

आता दोन गोष्टी उरल्यात. दिवाळीआधी ग्रिलचं काम करायला कॉलेज रोड-गंगापूर रोड भागात बाहेरून दोरीवर काम करणारा आणि आधी पाणी कुठून येतं ते बघणारा गवंडी कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि पैठणीचं काय करू?

प्रतिसाद

पैठणी घरी धुऊ नका, आणि डागांवर इस्त्री तर अजिबात नको. कोरड्या दिवशी गॅलरीत सावलीत पसरा, उन्हात नको, रंग उडतो. मास्क लावून अगदी मऊ ब्रशने ठिपके झटका, ब्रश जरीवरून आडवा फिरवू नका. मग रेशमी साड्यांचं काम करणाऱ्या ड्रायक्लीनरकडे द्या आणि बुरशी आहे हे आधी सांगा, म्हणजे तो ती बाकीच्या कपड्यांत मिसळणार नाही. परत आली की प्लास्टिकऐवजी धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. आईंच्या दम्यामुळे ती तुमच्याकडे तशीही नकोच. गवंड्याचा नंबर व्यनि केलाय.