म्हाताऱ्या रॅट्समध्ये इन्सुलिनही जास्त आणि शुगरही जास्त : जीटीटीचा अर्थ कसा लावायचा?

पिपेट_२००

विस्टार जातीचे नर रॅट, दोन गट: ३ महिन्यांचे, साधारण ३०० ग्रॅमचे, आणि १८ महिन्यांचे, साधारण ५५० ग्रॅमचे. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी (जीटीटी) रात्रभर उपाशी ठेवून २ ग्रॅम प्रति किलो ग्लुकोज आयपी, म्हणजे पोटाच्या पोकळीत टोचून, दिलं. उपाशीपोटीची शुगर दोन्हीकडे जवळपास सारखी, पण म्हाताऱ्यांची १२० मिनिटांनाही खाली येत नाही. उपाशीपोटीचं इन्सुलिन त्यांच्यात स्पष्ट जास्त आहे. मग ‘वयामुळे इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं) येतो, बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या) शाबूत राहतात’ असं लिहिता येईल का? शिवाय दोन म्हाताऱ्या रॅट्सचा ग्लुकोजचा आलेख जवळजवळ सपाट आहे आणि एलायझात (इन्सुलिन मोजायच्या किटच्या चाचणीत) काही नमुने अगदी तळाला गेलेत. ते आउटलायर (इतरांपासून फार वेगळे आकडे) म्हणून काढावेत का?

बीटा_बाजू

‘शाबूत’ हा शब्द आधी खोडा. इन्सुलिन जास्त दिसलं म्हणजे पेशी ठणठणीत, असं होत नाही. स्टॅनफर्डच्या रीव्हन दांपत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेमकं हेच रॅट्सच्या आयलेट्सवर (स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या पुंजक्यांवर) तपासलं होतं. वयाबरोबर आयलेट्स मोठी होतात, बीटा पेशींची संख्या वाढते, पण ग्लुकोज दिल्यावर एकेक पेशी सोडते ते इन्सुलिन कमी होतं. कामगार वाढले, दरडोई काम घटलं. त्यामुळे रक्तातला एकूण आकडा फसवा असतो.

तुमच्याकडे ० आणि १५ मिनिटांचं इन्सुलिन असेल तर त्यातला फरक काढा आणि त्याला त्याच काळातल्या ग्लुकोजच्या वाढीने भागा. पेशी किती चटकन प्रतिसाद देतात याचा अंदाज त्यातून येतो. १५ चा नमुना घेतलाच नसेल तर स्रावाबद्दल गप्प बसलेलं बरं. एयूसी (आलेखाखालचं क्षेत्रफळ) काढताना मूळ पातळी वजा करून काढा, नाहीतर जास्त इन्सुलिनने सुरुवात करणारा रॅट आपोआप ‘जास्त प्रतिसाद देणारा’ ठरतो.

दुसरी गोष्ट वयाची. ३ महिन्यांचा नर अजून वाढतोय. ३ विरुद्ध १८ यात वाढ, लठ्ठपणा आणि वार्धक्य अशा तिन्ही गोष्टी एकत्र मोजल्या जातात. मध्ये ६ ते ८ महिन्यांचा पूर्ण वाढलेला गट हवा. बराचसा बिघाड त्या टप्प्यापर्यंतच झालेला दिसतो, आणि मग त्याला वार्धक्य म्हणणं अवघड जातं.

जुना_पिंजरा

डोसचा हिशोब बघा. ३०० ग्रॅमच्या रॅटला ०.६ ग्रॅम ग्लुकोज गेलं, ५५० च्या रॅटला १.१ ग्रॅम. पण जादाच्या वजनात बरीच चरबी आहे, आणि ग्लुकोज पसरतं ते मुख्यतः पाणी असलेल्या ऊतींत. म्हणजे म्हाताऱ्याला प्रत्यक्षात मोठा डोस मिळाला. १२० मिनिटांची शुगर वर राहण्यात याचाही वाटा असणार. बॉडी कॉम्पोझिशन मोजायची सोय असेल तर चरबी वगळून उरलेल्या वजनावर डोस द्या. नसेल तर सगळ्यांना एकच ठरावीक डोस देऊन एक फेरी करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा.

सपाट आलेखाचं कारण बहुधा सुई. लठ्ठ नराच्या पोटात चरबीचे गठ्ठे असतात. ग्लुकोज त्यात किंवा सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) गेलं की रक्तात नीट पोहोचत नाही. डोकं खाली झुकवून धरा, पोटाच्या उजव्या खालच्या भागात टोचा, आणि दट्ट्या थोडा मागे ओढून काही येत नाही ना हे पाहूनच सोडा. गॅव्हाज (तोंडातून नळीने थेट जठरात देणं) जमत असेल तर ते उत्तम: २० टक्के द्रावण, १० मिली प्रति किलो. मात्र तोंडावाटे दिल्यावर इन्क्रेटिनचा (आतड्यातून सुटून इन्सुलिन वाढवणाऱ्या हार्मोन्सचा) परिणाम येतो, म्हणून आयपी आणि ओरलचे इन्सुलिनचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

उपासाबद्दलही. उंदीर रात्री खातात. रात्रभर उपाशी म्हणजे यकृतातलं ग्लायकोजन संपत आलेलं. सकाळी खाणं काढून ६ तासांनी चाचणी घ्या, पाणी चालू ठेवा.

एलायझा_वाली

तळाला गेलेले नमुने काढण्याआधी त्यांचा रंग आठवा. प्लाझ्मा गुलाबी होता का? लाल पेशी फुटल्या की त्यांतलं इन्सुलिन तोडणारं एन्झाइम बाहेर येतं आणि आकडा खोटा कमी दिसतो. शेपूट दाबून रक्त काढलं की हमखास असं होतं. शेपूट कोमट पाण्याने गरम करा, पिळू नका. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी बर्फावर ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांना लवकर फिरवा, लहान भाग करून उणे ८० ला ठेवा, आणि एकदाच वितळवा.

किट रॅटचंच आहे ना? आणि म्हाताऱ्यांचे काही नमुने वरच्या स्टँडर्डच्या (किटमधल्या माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणाच्या) पलीकडे गेले असतील तर ते विरळ करून पुन्हा लावा. आलेख पुढे ओढून आकडा काढू नका. होमा (उपाशीपोटीच्या शुगर आणि इन्सुलिनवरून रेझिस्टन्सचा अंदाज देणारा निर्देशांक) काढणार असाल तर १ नॅनोग्रॅम/मिली म्हणजे साधारण २८.७ मायक्रोयुनिट/मिली, हे रूपांतर पक्कं करा. चुका इथेच होतात.

रक्त काढताना झायलाझिन (गुंगीचं औषध) दिलं होतं का, तेही सांगा. ते इन्सुलिनचा स्रावच दाबतं, शुगर चढते.

पिपेट_२००

झायलाझिन नाही दिलं. काही नमुने गुलाबी होते, किट रॅटचंच आहे. १५ मिनिटांचं इन्सुलिन घेतलेलं नाही. याच रॅट्सवर पुन्हा चाचणी घेता येईल का?

जुना_पिंजरा

घ्या, पण आधी एथिक्स कमिटीच्या मंजुरीत दुसरी फेरी बसते का ते पाहा. रक्ताचा हिशोब असा: ३०० ग्रॅमच्या रॅटमध्ये साधारण १९ मिली रक्त. १५० मायक्रोलिटरचे ५ नमुने म्हणजे ०.७५ मिली, जेमतेम ४ टक्के. दोन आठवडे जाऊ द्या. ०, १५, ३०, ६०, १२० एवढे पुरे. आधीचा आठवडाभर रोज हातात घेऊन सवय लावा, नाहीतर घाबरल्यानेच शून्य मिनिटाची शुगर चढलेली मिळेल.

शेवटी एपिडिडायमल (वृषणांजवळची) आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी वेगळी काढून तोला. न्यूयॉर्कच्या बार्झिलाय यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की ही चरबी काढून टाकली तर वाढत्या वयातला इन्सुलिन रेझिस्टन्स टळतो. तुमचा प्रश्न वयाचा की चरबीचा, याचा पहिला अंदाज त्या वजनांतून येईल. तेव्हाच मूत्रपिंडं, पिट्युटरी आणि स्वादुपिंड पाहा. १८ महिन्यांच्या नरात गाठ किंवा किडनीचा आजार निघाला तर तो प्राणी वगळायचं कारण मिळतं. आलेख विचित्र दिसतो, हे कारण होत नाही.