संगमरवरी खांब नव्हे, खड्ड्यातली घरं

'ग्रीक वसाहत म्हणजे संगमरवरी खांब' असं म्हटलं जातं, पण ते काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर तरी टिकत नाही. ओल्बिया आणि बेरेझान या तिथल्या प्राचीन ग्रीक वसाहतींत (आजच्या युक्रेनमध्ये) सुरुवातीची घरं एकखोलीची, अर्धी जमिनीत खणलेली. माळरानावर इमारती लाकूड कुठलं? सुटे पैसे म्हणजे ब्राँझचे इवलेसे डॉल्फिन, ठोकलेले नव्हे तर साच्यात ओतलेले. म्हणून काहींच्या शेपटीला ओतकामाचं टोक तसंच राहिलेलं दिसतं.

पत्र शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरायचं आणि गुंडाळायचं. बेरेझानला सापडलेल्या अशा पत्रात (सुमारे इ.स.पू. 500) अखिल्लोडोरोस नावाचा माणूस मुलाला कळवतो, की मातासिस नावाच्या माणसाने माल बळकावला आणि आता मलाच गुलाम ठरवतोय. गुंडाळीच्या बाहेर पत्ताही आहे: पाठवणारा, घेणारा, सगळं व्यवस्थित.