केवळ डीएनए वाचून जिवाणूचे नामकरण करावे का? (एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पेट्रीप्लेट

जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशीय, पण वेगळ्या वंशाचे जीव) यांच्या नामकरणाच्या जुन्या आंतरराष्ट्रीय संहितेची अट कडक आहे. नवी प्रजाती जाहीर करायची तर तिचा जिवंत स्ट्रेन (वेगळा करून वाढवलेला वाण) निदान दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर संग्रहांत, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव सांभाळणाऱ्या संस्थांत, जमा करावा लागतो. तो कोणीही मागवावा, वाढवावा आणि तुमचे म्हणणे तपासून पाहावे, हा त्यामागचा हेतू. २०२२ मध्ये ‘सीककोड’ ही दुसरी नियमावली आली आणि तिने ही अट ठेवली नाही. चांगल्या प्रतीचा जीनोम, म्हणजे जीवाच्या सगळ्या डीएनएची वाचलेली माहिती, हाती असला की नाव देता येते, मग तो जीव कोणी वाढवलेला नसला तरी चालते.

मला हे पटत नाही. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून एक जिवाणू वेगळा केला, १९६९ मध्ये थर्मस अ‍ॅक्वाटिकस या नावाने त्याचे वर्णन छापले आणि स्ट्रेन संग्रहात ठेवला. पुढे त्याच जिवाणूचे उष्णता सोसणारे एन्झाइम पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रात, आले आणि १९८८ नंतर ते सगळ्या प्रयोगशाळांत पोचले. जीव बाटलीत होता म्हणून हे जमले. डीएनए वाचणाऱ्यांचे अर्धे काम ज्या एन्झाइमवर उभे राहिले, ते असे जिवंत जपलेल्या स्ट्रेनमधून मिळालेले आहे. नाव म्हणजे जबाबदारी. जो जीव दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, त्याला नाव देण्याची घाई कशाला?

क्रमवाचक

पूर्ण असहमत. तुमची अट पाळायची तर या पृथ्वीवरचे बहुतेक जिवाणू निनावीच राहतील. मातीचा किंवा पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरा आणि पेशी मोजा. मग तोच नमुना पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरा आणि वसाहती मोजा. दुसरा आकडा सहसा पहिल्याच्या एक टक्काही भरत नाही. १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी या तफावतीला नाव दिले, पण ती दिसत होती त्याच्या कितीतरी आधीपासून.

एसएआर ११ हा समुद्रातला जिवाणू घ्या. १९९० मध्ये सारगासो समुद्राच्या पाण्यातल्या डीएनएवरून तो पहिल्यांदा कळला. समुद्राच्या वरच्या थरातल्या दर तीन-चार पेशींमागे एक त्याची असते, आणि तोवर तो एकाही प्लेटवर दिसला नव्हता! कल्चरमध्ये आला तो थेट २००२ मध्ये. त्यानंतरही त्याच्या नावामागे ‘कॅन्डिडेटस’, म्हणजे उमेदवार, हे तात्पुरते बिरुद राहिले, कारण संग्रहांना सांभाळता येईल अशा रीतीने तो वाढत नाही. ज्याच्यावर समुद्राचे कार्बनचक्र चालते त्याला आपण उमेदवार म्हणून दाराबाहेर उभे करतो. हा काटेकोरपणा नाही, अन्याय आहे.

पेट्रीप्लेट

एसएआर ११ का वाढत नव्हता, तेही सांगा ना. नेहमीचे माध्यम त्याला पचत नव्हते, इतके ते पोषक होते. गाळून निर्जंतुक केलेल्या समुद्राच्याच पाण्यात, प्लेटच्या एकेका खळग्यात मोजक्याच पेशी येतील इतके पातळ करून ठेवल्यावर तो वाढला. म्हणजे ‘वाढत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘आपण नीट वाढवले नाही’ असा असतो. नाव आयते मिळू लागले की हा खटाटोप कोण करील? अनुदान देणारेही विचारतील, नाव झाले, पेपर झाला, आता पाच वर्षे नळ्या कशाला हलवता?

सूत्रकृमी

मी मातीतल्या सूत्रकृमींवर, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमींवर (नेमॅटोड), काम करते. आमची संहिता वेगळी, प्राण्यांची. तिथे जिवंत कल्चर मागत नाहीत, काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये बसवलेला नमुना चालतो. तरी एक गोष्ट मांडते, कारण तुम्हा दोघांच्याही बोलण्यात ती आली नाही.

मातीतला डीएनए म्हणजे मातीतला जीव नव्हे. २०१६ मध्ये कॅरिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्यांच्या नमुन्यांमधल्या जिवाणू आणि बुरशी यांच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के डीएनए फुटलेल्या पेशींचा किंवा पेशींबाहेर पडून राहिलेला होता. मेलेल्यांचाही आवाज डीएनए वाचणाऱ्या यंत्रात, सिक्वेन्सरमध्ये, येतो.

आमच्याकडे बेअरमन फनेल नावाचे जुने साधन आहे. फनेलच्या तोंडाशी जाळीवर कापडात माती ठेवायची, खालून पाणी लागू द्यायचे आणि रात्रभर सोडून द्यायचे. सूत्रकृमी वळवळत कापडातून बाहेर पडतात आणि बुडतात. सकाळी रबरी नळीचा चिमटा सैल केला की वाटीत जिवंत प्राणी. मेलेला एकही उतरत नाही. ही निवड कुठलाही सिक्वेन्सर करीत नाही. मात्र संथ जाती, उदाहरणार्थ क्रायकोनेमाटिड, फारशा उतरत नाहीत. त्यामुळे केवळ फनेलवर विसंबणाऱ्याला त्या मातीत नाहीतच असे वाटते. पेट्रीप्लेट, कल्चरचेही असेच आहे. जो आपल्या अटीवर बाहेर येतो तोच दिसतो.

क्रमवाचक

फनेलचे उदाहरण आवडले. मेलेल्यांच्या डीएनएबद्दल मात्र विचारतो: जीवाश्मांना आपण नावे देतोच ना? तो जीवही मेलेलाच असतो.

पेट्रीप्लेट

देतो, पण ते हाड संग्रहालयात असते. शंका आली तर जाऊन पुन्हा पाहता येते. गाळातून जोडलेला जीनोम हे हाड नाही. हजारो जीवांचे तुकडे एकत्र पडलेले असतात, त्यातले कुठले कुणाचे हे गणिताने ठरवलेले असते. २०१५ मध्ये टार्डिग्रेडच्या, म्हणजे जलअस्वलाच्या, जीनोमचे काय झाले आठवा. सुमारे १७ टक्के जनुके जिवाणूंसारख्या परक्या जीवांकडून आली, असा दावा झाला. लगोलग दुसऱ्या गटाने दाखवले की त्यातली बहुतेक नमुन्यासोबत आलेल्या जिवाणूंची भेसळ होती. ही गोष्ट तर डोळ्यांना दिसणाऱ्या, बाटलीत वाढवलेल्या प्राण्याची. कुणी न पाहिलेल्या जिवाणूच्या जीनोमची भेसळ कोण पकडणार?

क्रमवाचक

पण ती चूक पकडली कशाने? डीएनएच्याच माहितीने. पहिल्या गटाची माहिती खुली होती, दुसऱ्याने ती स्वतःच्या माहितीशी ताडून पाहिली. जीनोमही कुणालाही उतरवून घेता येतो. संग्रहातून स्ट्रेन मागवण्यापेक्षा सोपे आहे ते.

पेट्रीप्लेट

ताडून पाहता आली, कारण दोन्ही गटांकडचे टार्डिग्रेड एकाच मूळ कल्चरमधले होते. फरक जीवाचा की हाताळणीचा, हे त्यामुळेच ठरवता आले.

थेंबभर_पाणी

मुद्दा मान्य. पण सगळ्यांना स्ट्रेन जमा करता येतो असे तुम्ही धरून चालला आहात. काही देशांच्या जैवविविधता कायद्यांनुसार स्ट्रेन बाहेर पाठवायला परवानगी लागते आणि नंतर तो कुणाला द्यायचा यावर बंधने येतात. संहिता तर तो कुणालाही खुला हवा म्हणते. मग तिथल्या संशोधकाने वर्षानुवर्षे वाढवलेला जिवाणूही अधिकृत नावाविना राहतो. कष्ट पूर्ण, कल्चर हातात, आणि नाव नाही. अशांना सीककोड हा सरळ मार्ग आहे.

पेट्रीप्लेट

हे मी लक्षात घेतले नव्हते. अशांच्या बाबतीत माझा विरोध नाही.

सूत्रकृमी

प्रोमेथिओआर्कियम या आर्कियाचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून मी काढते. जपानी गटाने खोल समुद्रातला गाळ २००६ मध्ये मिथेनच्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये घातला आणि त्यातून हा असगार्ड गटातला आर्किया (आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या पेशींच्या पूर्वजांचा जवळचा नातलग) कल्चरमध्ये आणून २०२० मध्ये पेपर छापला. एकदा दुप्पट व्हायला त्या पेशींना १४ ते २५ दिवस लागतात. जीनोमवरून पुष्कळांना वाटत होते की पेशीच्या आत गुंतागुंतीची रचना सापडेल. प्रत्यक्षात आत कप्पे काही नाहीत, पण बाहेर लांब, फाटे फुटलेले हात! ते हात डीएनएमध्ये कुणालाच वाचता आले नव्हते.

क्रमवाचक

इतकी वर्षे! आणि तोही एकटा वाढला नाही, सोबत मिथेन तयार करणारा दुसरा आर्किया लागला. शिवाय त्या नळीत काय वाढते आहे हे ओळखले डीएनएच्याच खुणेवरून. २०१५ मध्ये याच असगार्ड गटातले लोकीआर्किया डीएनएवरून जाहीर झाले नसते, तर या कल्चरचे मोल कळले असते का?

पेट्रीप्लेट

इतके चटकन नसते कळले, हे मान्य करते. पण २००६ मध्ये तो गाळ भरला तेव्हा लोकीआर्किया हे नावही नव्हते. नावाची वाट न पाहता त्यांनी तो जिवंत ठेवला.

क्रमवाचक, एक विनंती. तुमच्या नमुन्यातला जो गाळ डीएनए काढल्यावर उरतो त्याचे काय करता? नुसता गोठवत असाल तर बर्फाचे स्फटिक बऱ्याच पेशी फोडतात. गोठवण्याआधी थोड्या गाळात ग्लिसरॉल मिसळून, दोन-तीन छोट्या नळ्या उणे ८० अंशांवर ठेवाल का? नाव तुम्ही द्या. वाढवून पाहायला मला किंवा माझ्यानंतर कुणाला तरी काही उरू द्या.

क्रमवाचक

आजवर आम्ही उरलेला गाळ तसाच गोठवत आलो. पुढच्या खेपेपासून ग्लिसरॉल घालून ठेवतो. किती प्रमाणात घालायचे ते सांगा. आणि ऑक्सिजन न सोसणाऱ्यांसाठी नळ्या भरताना नायट्रोजन सोडायचा का?